चौदा गेजचा संसार

आमच्या बंगल्याला गॅरेज आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग गाडी रस्त्यावर का लावता?"

याचं उत्तर द्यायचं तर १९७४ पर्यंत मागं जावं लागतं. त्या साली वडिलांनी कोथरूडला घर बांधलं. पेठेतले नातेवाईक तेव्हा आमच्याकडे येताना प्रवासाला निघाल्यासारखे निघायचे आणि परत पोचल्याचं कळवायचे. वडिलांनी फियाट नोंदवून ठेवली होती. त्या काळात गाडी नोंदवायची आणि मग वाट बघायची, एवढंच गिऱ्हाइकाच्या हातात असे. वाट बघताना माणूस काहीतरी करतो. वडिलांनी गॅरेज बांधलं. सोळा फूट लांब, आठ फूट रुंद, फियाटच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहून फडकं मारू शकेल असं. फियाटची रुंदी पाच फुटांच्याही आतली, त्यामुळे वडिलांचा हिशेब चोख होता. चुकला तो कालावधीचा. गाडी यायला नऊ वर्षं लागली आणि आमच्या घरात रिकामी जागा नऊ दिवसही टिकत नाही.

फियाट आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं, नारळ फोडला, वडिलांनी थाटात शटर वर केलं, आतलं दृश्य पाहिलं आणि तितक्याच थाटात खाली ओढलं. गाडी पेरूच्या झाडाखाली लागली. तिथेच ती म्हातारी झाली आणि तिथूनच विकली गेली. गॅरेज आतून कसं दिसतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मी बँकेतून निवृत्त झालोय आणि बायको एकतीस वर्षं गणित शिकवून. दोन निवृत्त माणसं एका घरात असली की घरातल्या निर्जीव वस्तूंनाही शांतता लाभत नाही. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी जळमटं काढायला शिडी हवी होती. शिडी गॅरेजमध्ये होती, आणि माळ्याइतक्या उंच ढिगाच्या डोक्यावर आडवी पहुडली होती. ती काढायला दुसरी शिडी लागली असती. मी एका ट्रंकेवर चढलो, ट्रंकेवरून जुन्या कुलरवर, कुलरवरून काहीतरी मऊ होतं त्याच्यावर. ते मऊ म्हणजे पंचाहत्तर साली पिंजलेली गादी होती, असं नंतर कळलं. खाली येताना मी शिडीसकट आलो.

बायकोनं माझ्या कोपराला आयोडेक्स चोळता चोळता जाहीर केलं, "अहो, बस झालं. गॅरेजमध्ये रॅक करायचे. आणि आपण दोघांनी करायचे."

"मेस्त्री बोलावू की."

"मेस्त्री कोजागरीला येतो म्हणेल आणि होळीला येईल. त्यापेक्षा ते स्लॉटेड अँगलचे रॅक असतात ना, भोकाभोकांचे? नटबोल्ट आवळायचे, झालं. त्यात काय आहे?"

'त्यात काय आहे' हे आमच्या घरातलं ऐतिहासिक वाक्य आहे. आमच्याकडच्या सगळ्या आपत्तींच्या आधी ते कुणीतरी उच्चारलेलं असतं. बंगलोरहून मुलाचा फोन आला तेव्हा त्यालाही आम्ही अभिमानानं बेत सांगितला. तो म्हणाला, "बाबा, तयार मिळतात. माणसं घरी येऊन जोडून देतात." मी म्हणालो, "त्यात काय आहे?" म्हणजे एकूण दोनदा झालं.

रॅक करायचे तर आधी सामान बाहेर काढून त्याची वर्गवारी करायला हवी. बायकोनं अंगणात खडूनं तीन चौकोन आखले. 'ठेवायचं', 'द्यायचं', 'टाकायचं'. आईनं खुर्ची मागवून घेतली आणि पेरूखाली बसली. आई शहाऐंशी वर्षांची आहे. गुडघे सोडले तर तिचं सगळं शाबूत आहे. डोळे आणि जीभ तर जास्तच.

पहिल्या तासात तांब्याचा बंब निघाला, पितळी घंगाळ निघालं, पाटा निघाला (वरवंटा निघाला नाही), माझा पाळणा निघाला, वडिलांचा हातानं हवा भरायचा पंप, 'किर्लोस्कर' मासिकाचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे, आणि चार कुंकवाचे करंडे असलेला एक जुना पाट.

"हे घंगाळ देऊन टाकू या का?" मी विचारलं.

"बारा जुलै एकसष्टला," आई सुरू झाली, "पानशेत फुटलं तेव्हा आपण नदीकाठी राहत होतो. तुझ्या आजीनं गळ्यातलं सोडून हे घंगाळ उचललं."

"गळ्यातलं का नाही उचललं?"

"गळ्यातलं गळ्यातच होतं. ते कशाला उचलेल?"

घंगाळ 'ठेवायचं'मध्ये गेलं. त्यानंतर आईनं पुरातून वाचलेल्या वस्तूंची नावं सांगायला सुरुवात केली. एवढं सामान वाचवायला किमान दोन ट्रक लागले असते, हे मी मनात नोंदवलं. बंबही पुरातला, पाटाही पुरातला. माझा पाळणासुद्धा पुरातला निघाला. माझा जन्म पुरानंतर दोन वर्षांनी झाला, पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

मग वडिलांचे डबे निघाले. वडील टापटिपीचे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर शाईच्या पेनानं मोत्यासारखं अक्षर. एका डब्यावर लिहिलं होतं, 'किल्ल्या. कुलपं सापडत नाहीत.' दुसऱ्यावर, 'कुलपं. किल्ल्या सापडत नाहीत.' दोन्ही डबे एकमेकांशेजारी चाळीस वर्षं गुण्यागोविंदानं नांदत होते. मी दोन्ही उचलून 'टाकायचं'कडे निघालो तर बायको आडवी आली.

"एकदा लावून तर बघा."

"अगं, तेवीस किल्ल्या आहेत आणि नऊ कुलपं."

"म्हणजे जास्तीत जास्त दोनशे सात वेळा. फार नाही." तिनं खुर्ची ओढली. माणसानं गणिताच्या बाईंशी लग्न करू नये असं नाही, पण केल्यास आकडे सांगू नयेत.

दुर्दैव असं की अठ्ठेचाळिसाव्या खेपेला एक कुलूप उघडलं. 'खट्' असा गोड आवाज झाला. आईनं टाळ्या वाजवल्या. झालं! एक जोडी जुळली म्हटल्यावर उरलेल्या बावीस किल्ल्या आणि आठ कुलपं टाकायची हिंमत कुणाची? संध्याकाळी 'टाकायचं'च्या चौकोनात काय होतं, तर एक दात गेलेला कंगवा आणि गळणारे दोन सेल. 'द्यायचं'मध्ये एकच वस्तू होती. लुना.

लुना वडिलांची. १९७२ साली पुण्याच्याच कायनेटिकनं ही मोपेड काढली आणि आमच्याकडे ती चार वर्षांनी आली, फियाट येईपर्यंतची सोय म्हणून. पन्नास सीसीचं इंजिन, आणि त्याला चढ झेपला नाही तर पायाला पेडल. आमच्या घराकडे येताना चढ लागतो. त्यामुळे वडील लुनावरून येत असत की लुना वडिलांकडून येत असे, हे बघणाऱ्याला चटकन सांगता येत नसे. मागच्या सीटवर आई, आईच्या मांडीवर चक्क्याचं पातेलं. हँडलच्या मुठींना आईनं विणलेली क्रोशाची बोंडली अजून होती. मूळ रंग कोणता ते आता सांगता येत नव्हतं.

जुन्या दुचाकी दुरुस्त करून चालवणारा एक तरुण आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. त्याला फोटो पाठवल्यावर त्यानं लगेच फोन केला. दसऱ्याआधीच्या रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाला, वर चांगले पैसेही द्यायला तयार झाला. आईला विचारलं. आई म्हणाली, "बघा बाबा, तुमचं तुम्ही." आणि पेरूच्या झाडाकडे बघू लागली. घंगाळाला पूर आणि लुनाला एवढं एकच वाक्य? मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी टेप शोधत होतो.

मापं घेणं हा आमच्या संसारातला मोठा तात्त्विक भेद आहे. बायको सेंटिमीटरवाली, मी फूट-इंचवाला. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तो तिनं मनापासून स्वीकारला. मी अजून विचार करतोय. आणि बाजारानं तर कुणाचीच बाजू घेतलेली नाही. प्लायवूड आठ बाय चार फुटांचं असतं, पण जाडीला अठरा मिलिमीटर. सुतार त्याच प्लायवर सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. म्हणजे एकाच फळीवर तीन राज्यं नांदतात आणि कुठेही दंगल होत नाही. दंगल आमच्या गॅरेजमध्ये झाली.

कारण टेप. टेपच्या टोकाला जो पत्र्याचा आकडा असतो तो किंचित सैल असतो. मला ते खटकलं. पाच मीटरचा नवा टेप आणि टोक डुगडुगतंय! मी हातोडीनं दोन ठोके देऊन ते घट्ट बसवलं. बायकोनं मापं घेतली, मी मापं घेतली, आणि ती दरवेळी एका मिलिमीटरनं वेगळी यायला लागली. तिनं चष्म्यावरून टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही याला काय केलंत?"

"दुरुस्त केला."

"अहो, तो आकडा मुद्दाम सैल असतो! त्याची जेवढी जाडी, तेवढाच तो सरकतो. बाहेरून अडकवला की पुढे येतो, आत टेकवला की मागं जातो, म्हणून दोन्हीकडे माप बरोबर येतं." ती क्षणभर थांबली. "तीस वर्षं बँकेत काय दुरुस्त करत होतात?"

दुसरा टेप आणला. त्याच्या टोकाला मी हात लावला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. जाण्याआधी मी अभ्यास केला होता. हे भोकाभोकांचे अँगल डिमिट्रियस कोमिनो नावाच्या लंडनमधल्या छापखानेवाल्यानं काढले आणि १९४७ साली 'डेक्सियन' नावानं बाजारात आणले. छापखान्यात दरवेळी लाकडी मांडण्या ठोकायच्या, गरज बदलली की मोडायच्या, याचा त्याला वीट आला होता. पुन्हा पुन्हा खोलता यावेत, हवे तसे बदलता यावेत, हा त्यातला मूळ विचार. हे सगळं मी दुकानदाराला सांगायला सुरुवात केली. त्यानं पेन कानामागून काढलं.

"काका, किती गेज देऊ? चौदा का सोळा?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. पण पुरुषानं हार्डवेअरच्या दुकानात गोंधळलेलं दिसू नये, अशी माझी जुनी समजूत आहे. मी म्हणालो, "सोळा द्या. मजबूत हवेत. सामान जड आहे."

दुकानदारानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं दुकानाच्या छताकडे पाहिलं.

"काका, गेज जेवढा कमी, तेवढा पत्रा जाड. सोळापेक्षा चौदा मजबूत."

"तेच म्हणतोय मी. चौदा द्या."

"आणि वीस दिले असते तर आणखी भक्कम झाले असते, नाही का हो?" बायकोनं विचारलं. तिचा स्वर शाळेतला होता, मागच्या बाकासाठी राखलेला.

तीन फूट लांब, दोन फूट खोल, सात फूट उंच असे दोन रॅक, शेजारी शेजारी. आठ पाय, आठ फळ्या, कोपऱ्यांच्या तिकोनी पट्ट्या, पायांना प्लॅस्टिकचे बूट. "एका फळीला आठ बोल्ट," दुकानदार म्हणाला. "आठे आठे चौसष्ट," बायको म्हणाली. "शंभर देतो, पडतात कुठेतरी," दुकानदार म्हणाला. बायकोला हा अपमान वाटला. चौसष्ट म्हणजे चौसष्ट, हरवायचे कशाला? मी शंभर घेतले. त्या दिवशीचा माझा तेवढाच एक निर्णय योग्य ठरला.

टेम्पो फाटकाशी आला तेव्हा आई दारात उभी होती. "आज वार कुठला?"

"शनिवार."

"शनिवारी लोखंड घरात घेत नाहीत."

"आई, हे गॅरेजमध्ये जाणार आहे."

"गॅरेज काय शेजाऱ्यांच्या घरात आहे?"

तर तो माल रात्रभर फाटकाबाहेर राहिला. चोरीला जाऊ नये म्हणून मी आणि बायको आळीपाळीनं बाल्कनीत बसून पहारा दिला. रात्री दीडच्या सुमाराला एक कुत्रा आला, त्यानं आठही पायांची नीट तपासणी करून पसंती नोंदवली आणि निघून गेला.

रविवारी काम सुरू झालं. रॅक डाव्या भिंतीला लावायचे ठरले होते. तिथे लुना उभी होती. तिची दोन्ही चाकं बसलेली, ढकलली तर कुंथायची. बायको म्हणाली, "राहू दे तिथेच, पुढच्या रविवारी जाणारच आहे." शिवाय तिचा उपयोगही झाला. तिच्या सीटवर एक टोक आणि ट्रंकेवर दुसरं टोक ठेवून फळी टाकली की मस्त टेबल तयार. आमचे पाने, बोल्ट, चहाचे कप सगळं त्यावर. एक घासलेलं जुनं वाहन शेवटच्या दिवसांत कामाला येतंय, या विचारानं मला भरूनही आलं. दहा वाजता जरा जास्तच भरून आलं, कारण चहा लुनाच्या पेट्रोलच्या टाकीवर सांडला.

सगळ्यात खालची फळी जमिनीपासून साडेतीन फुटांवर घ्यायची, ही माझी कल्पना. म्हणजे लुना गेली की त्या जागी बंब, घंगाळ, पाटा असली जड धुडं राहतील, वाकून उचलावी लागणार नाहीत. बायकोनं त्याला मान्यता दिली. पुढे काय झालं हे वाचताना एवढं लक्षात ठेवावं की मान्यता दोघांची होती.

जमीन काटकोनात आखण्यासाठी तिनं तीन-चार-पाचचा नियम लावला. एका भिंतीवर साठ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला ऐंशी, तिरकं अंतर बरोबर शंभर आलं की कोन काटकोन. गवंडी हेच करतात, पायथागोरसचं नाव न घेता. तिनं नाव घेतलं, सिद्धताही सांगितली. शंभर काही येईना. एकशे दोन आलं. पुन्हा मोजलं. एकशे दोन.

"भिंतच वाकडी आहे," ती म्हणाली.

"माझ्या नवऱ्यानं उभं राहून बांधून घेतलंय घर," बाहेरून आवाज आला. "भिंत सरळ आहे. पायथागोरसला पुन्हा मोजायला सांग."

पाणसळ घरात नव्हती, म्हणून मी मोबाइलवरची काढली. फळी एका बाजूला चांगलीच कललेली दाखवत होती. तिला सरळ करायला मी पायाखाली पत्र्याचे तुकडे सरकवले. मग ती उघड्या डोळ्यांना कललेली दिसू लागली आणि मोबाइलवर सरळ. बायकोनं मोबाइल हातात घेऊन उलटा केला. पाठीमागे कॅमेऱ्याचं टेंगूळ. "याला पोक आहे," ती म्हणाली. "पोक असलेल्या माणसाला सरळ उभं राहायला शिकवायला का पाठवता?" शेवटी आईनं वडिलांच्या डब्यांतून ओळंबा काढायला सांगितला. डब्यावर चिठ्ठी होती, 'ओळंबा. दोरी नवीन घ्यावी.' नवीन दोरी घेतली. पितळी लंबक सावकाश झुलत झुलत थांबला आणि त्यानं निकाल दिला. भिंत सरळ होती. जमिनीला दाराच्या दिशेनं उतार होता, पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला. वडिलांनी त्याचाही विचार केला होता. आई काही बोलली नाही. तिनं नुसती साडी सारखी केली.

जोडणी करताना आमच्या दोघांच्या स्वभावातला फरक बोल्टाबोल्टातून दिसू लागला. मी बोल्ट घातला की पार आवळून टाकतो. बायकोचं म्हणणं, सगळे आधी सैल ठेवायचे, चौकट काटकोनात आणायची, मग एकेक आवळायचे. ती बरोबर होती, हे मला सहाव्या फळीला कळलं. सहाव्या फळीची भोकं कुठल्याच भोकांसमोर येईनात. तोवर पाच फळ्यांचे चाळीस बोल्ट मी छातीठोकपणे आवळले होते. सगळे सैल केले. सैल करताना सतरा पडले. अकरा सापडले.

मग चौथा पाय. त्याची भोकं बाकी तिघांशी जुळेनात. अर्धा तास आम्ही कारखान्याला दोष दिला. आईनं चष्मा पुसला. "तो उलटा आहे का रे?"

उलटा होता. भोकांची रांग वरून वेगळी सुरू होते, खालून वेगळी. पाय सुलट केला. सुलट करताना आधी घातलेला बूट वर गेला आणि बराच वेळ तो रॅक डोक्यावर चप्पल घातल्यासारखा उभा होता.

"आणि फळीचे काठ," आई म्हणाली, "खाली हवेत ना? वर ठेवलेत तर ताटं झालीत सगळी. जेवायला वाढायचंय का?"

दोन फळ्या उलट्या केल्या. पुन्हा सोळा बोल्ट. तिला गॅरेजच्या आतलं सगळं लख्ख दिसत होतं. पान्याचा आकडा चुकला तरी ती सांगत होती. बायको माझ्या कानात म्हणाली, "यांना बँकेत पाठवायला हवं होतं, तुमच्याऐवजी."

बुधवारी संध्याकाळी दोन्ही रॅक उभे राहिले. आम्ही मागं सरकून पाहिलं. राखाडी रंग, सरळ रेषा, एकही कुरकुर नाही. मी अभिमानानं एका पायावर हात ठेवला. रॅक हलला. म्हणजे नुसता हलला नाही. आधी डावीकडे झुकला, विचार केला, उजवीकडे आला, आणि पलीकडच्या रॅकला बरोबर घेऊन गणपतीच्या मिरवणुकीतल्यासारखा डुलायला लागला. बायकोनं दोन्ही हातांनी एक पाय धरला, मी दुसरा. त्या अवस्थेत मी खांदा आणि कानाच्या मधे मोबाइल धरून दुकानदाराला फोन लावला.

"खालचा गाळा उंच ठेवलाय का, काका?"

"साडेतीन फूट."

"मग हलणारच ना! फळी खाली असती तर पाय बांधले गेले असते. आता मागं आणि बाजूला तिरप्या पट्ट्या मारा. फुली करायची, एक अशी, एक अशी. आणि एकदा माल चढवला की त्या पट्ट्यांना हात लावू नका. सगळा तोल त्यांच्यावर असतो."

गुरुवारी पट्ट्या आणल्या. मागं भिंतीच्या बाजूला फुली मारली, दाराकडच्या बाजूला फुली मारली. यावेळी माझे आवळलेले बोल्ट कुणीही सैल करायला सांगितले नाहीत. रॅक असा घट्ट उभा राहिला की त्याला धरून मी उठाबशा काढून दाखवल्या. मग दोन दिवस माल चढवला. घंगाळ आणि बंब तूर्त मधल्या फळीवर, कारण खाली लुना होती. वर गठ्ठे, त्यावर गादी, मग कुलपं, किल्ल्या, पाळणा. जुना पाटही चढला, करंड्यांसह. कोमिनोचे अँगल हवे तेव्हा खोलता येतात, पण पाटा वर चढवताना कंबरेतून जो आवाज आला तो ऐकल्यावर पुन्हा काही खोलायची इच्छा माझ्यात उरली नाही.

सगळं लावून झाल्यावर सगळ्यात वरची फळी भरली ती रॅकच्याच उरलेल्या सामानानं. अँगलचे कापलेले तुकडे, तीस बोल्ट, पत्र्याच्या चकत्या, टोक ठोकलेला टेप. बायकोनं एक डबा घेऊन त्यावर चिठ्ठी लावली, 'टेप. मिलिमीटर कमी.' अक्षर तिचं, पण मला ओळखीचं वाटलं.

रविवारी सकाळी तो तरुण आला. चप्पल बाहेर काढून गॅरेजमध्ये शिरला, एवढा त्याचा आदर. लुनासमोर उकिडवा बसला, इंजिनवरून बोट फिरवलं, क्रोशाची बोंडली बघून हसला. मग उभा राहिला आणि रॅककडे पाहू लागला. डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं. खाली वाकून पाहिलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "हिला बाहेर कशी काढायची?"

मी हसत पुढे झालो. समोरून काढायची तर मधले पाय आडवे येत होते. तीन फुटांच्या फटीतून पाच-साडेपाच फुटांची लुना कोणत्याही भूमितीनं निघणार नव्हती. मागं भिंत, पलीकडच्या टोकाला भिंत. उरली दाराकडची बाजू. तिथे माझ्या हातानं आवळलेली फुली होती. फुलीच्या वर पानशेतच्या पुरातून वाचलेलं सगळं सामान.

बायकोनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय, ते कळायला मार्ग नव्हता. "चहा घेणार ना?" ती त्याला म्हणाली आणि घाईनं आत गेली.

मी वळून पेरूच्या झाडाकडे पाहिलं. आई खुर्चीत बसून दसऱ्यासाठी झेंडूची फुलं निवडत होती.

"आई, तुला दिसलं नव्हतं? आठ दिवस इथे बसून होतीस."

"दिसत होतं की."

"बोल्ट चुकला ते सांगितलंस, पाय उलटा ते सांगितलंस. मग हे का नाही?"

"तुमचं तुम्ही बघा म्हणाले होते ना मी," आई म्हणाली आणि सुकलेलं फूल बाजूला टाकलं. "परवा लुनाला हार मात्र तुलाच आत शिरून घालावा लागेल. माझे गुडघे दुखतात."